ऑफिसचा पासवर्ड नेमका कुणाचा? छोट्या कार्यालयातल्या सामायिक फायली आणि लॉगिनची शिस्त

शाळेचं ऑफिस, पतसंस्थेची शाखा, डॉक्टरांचा दवाखाना, ट्रस्टचं कार्यालय किंवा कर सल्लागाराची दोन खोल्यांची जागा. चित्र बहुतेक सगळीकडे सारखंच असतं. चार-पाच संगणक, एक राउटर, एक झेरॉक्स मशीन आणि एका संगणकावर ठेवलेलं मोठं फोल्डर. सगळ्यांचं काम त्याच फोल्डरमध्ये. बाकीचे संगणक नेटवर्कवरून ते उघडतात. वेगळा सर्व्हर नाही, पगारी तंत्रज्ञ नाही. आणि लॉगिन सगळ्यांना मिळून एकच. नाव 'ऑफिस', पासवर्ड म्हणजे संस्थेचं नाव आणि पुढे १२३.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत होतो, तिथेही हेच होतं. जनरल रजिस्टरची एक एक्सेल फाईल सामायिक फोल्डरमध्ये होती आणि दाखले त्यावरूनच छापले जायचे. एक दिवस एका विद्यार्थ्याचे वडील शाळा सोडल्याचा दाखला घेऊन परत आले. जन्मतारीख चुकली होती. फाईल उघडून पाहिली तर एकाच वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या तारखा बदललेल्या. सगळ्यांच्या नजरा गेल्या कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटरवर, कारण 'कॉम्प्युटरवर तोच तर बसतो'. तो पोरगा सांगत राहिला, "सर, मी त्या फाईलला हातही लावलेला नाही." सिद्ध कसं करणार? फाईल उघडणारा प्रत्येक जण 'ऑफिस' याच नावाने आत जात होता.

तीन आठवड्यांनी कागदी रजिस्टरशी ताडून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. तारखा कुणी मुद्दाम बदलल्याच नव्हत्या. कुणीतरी फक्त जन्मतारखेच्या रकान्याची क्रमवारी लावली, बाकीचे रकाने जागेवरच राहिले आणि तारखा खाली-वर सरकल्या. पाच सेकंदांची चूक. कुणाच्या हातून झाली, ते आजही माहीत नाही. त्या पोराचं कंत्राट मात्र पुढच्या जूनमध्ये वाढवलं गेलं नाही.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट सगळ्यांना सांगतो. वेगवेगळं लॉगिन हे कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवण्यासाठी नसतं, निर्दोष माणसाला वाचवण्यासाठी असतं. ही व्यवस्था कशी करायची, ते या लेखात क्रमाने पाहू. उदाहरण विंडोज १० आणि ११ चं घेतलं आहे, कारण छोट्या कार्यालयांत बहुतेक तेच आढळतं.

दार कुणाचं, चावी कुणाची

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. छोट्या ऑफिसातले संगणक 'वर्कग्रुप' पद्धतीने जोडलेले असतात. यात सगळ्यांवर देखरेख करणारा मध्यवर्ती संगणक नसतो. प्रत्येक संगणकाची स्वतःची खात्यांची यादी असते. या संगणकावरचं खातं त्या संगणकाला ठाऊक नसतं.

समजा फायली संगणक १ वर आहेत आणि आपण संगणक २ वर बसलो आहोत. आपण संगणक १ चं फोल्डर उघडायला जातो तेव्हा संगणक २ आधी गुपचूप आपलंच नाव आणि पासवर्ड पुढे करतो. संगणक १ च्या यादीत त्याच नावाचं आणि त्याच पासवर्डचं खातं असेल तर दार न विचारता उघडतं. नसेल तर चौकट येते आणि नाव-पासवर्ड मागते. या चौकटीत काय टाकायचं यावरच निम्मी ऑफिसं अडतात. उत्तर सोपं आहे. ज्याचं दार, त्याच्याच यादीतली चावी. म्हणजे संगणक १ वर तयार केलेलं खातं आणि त्याचा पासवर्ड. आपल्या संगणकाचा पासवर्ड तिथे कामाचा नाही.

नाव टाकताना पुढे संगणकाचं नावही जोडावं. आधी संगणकाचं नाव, मग उलटी तिरकी रेषा, मग खात्याचं नाव. त्यामुळे खातं कुणाच्या यादीतलं, याचा गोंधळ राहत नाही.

खाती कशी करावीत

फायली ज्या संगणकावर आहेत त्याच्यावर प्रत्येक कर्मचाऱ्याचं एक खातं करायचं. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे अदर यूजर्स, मग नवीन खातं जोडा. विंडोज तिथे ईमेल मागतं. 'या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही' आणि त्यानंतर 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय जोडा' हे पर्याय निवडले की साधं स्थानिक खातं तयार होतं. नेटवर्कवरच्या फायलींसाठी स्थानिक खातंच सोयीचं, कारण त्याचा पासवर्ड ऑफिसच्या ताब्यात राहतो, कुणाच्या खाजगी ईमेलशी बांधला जात नाही.

खात्याचा प्रकार 'स्टँडर्ड' ठेवा. ॲडमिनिस्ट्रेटर खातं एकच असावं आणि ते रोजच्या कामासाठी वापरू नये. खात्यांची नावं इंग्रजी अक्षरांत, छोटी आणि माणसाची असावीत. 'लिपिक१' असं पदाचं नाव ठेवलं तर माणूस बदलला तरी खातं तसंच फिरत राहतं आणि आपण पुन्हा पहिल्याच जागी येतो.

झेरॉक्स मशीन स्कॅन केलेले कागद थेट फोल्डरमध्ये पाठवत असेल तर तिलाही वेगळं खातं द्या, फक्त स्कॅनच्या फोल्डरपुरतं. अशा मशीनच्या आत हा पासवर्ड साठवलेला असतो आणि ती दुरुस्तीला जाते, विकली जाते, भाड्याची असेल तर परतही जाते. त्यात हेडमास्तरांचा पासवर्ड असता कामा नये.

एक मर्यादाही लक्षात असू द्या. विंडोज १० किंवा ११ चालणाऱ्या साध्या संगणकाला एका वेळी जास्तीत जास्त २० जोडण्या चालतात. पाच-सात जणांच्या ऑफिसला हे पुरेसं आहे. त्यापुढे वाढ होणार असेल तर नेटवर्कची स्वतंत्र साठवण पेटी किंवा सर्व्हर यांचा विचार करावा.

कोण काय पाहणार

खातं झालं म्हणजे सगळं झालं नाही. फोल्डरला परवानग्यांचे दोन थर असतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअरिंग' या पानावरची परवानगी ही बाहेरचं फाटक. 'सिक्युरिटी' या पानावरची परवानगी हा आतल्या खोलीचा दरवाजा. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही पार करावे लागतात आणि दोन्हींत जी परवानगी कमी, तीच लागू होते. फाटकावर 'फक्त वाचा' आणि खोलीवर 'सगळं करा' असेल तरी माणसाला फक्त वाचता येईल. म्हणून सोपी रीत अशी की फाटकावर बदल करण्याची मुभा सगळ्यांना द्यावी आणि खरा बंदोबस्त सिक्युरिटीच्या पानावर करावा.

इथे एक फसगत हमखास होते. डी ड्राइव्हवर नवीन फोल्डर केलं की त्याला वरच्या ड्राइव्हकडून परवानग्या वारशाने मिळतात. त्यात सहसा 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' म्हणजे लॉगिन केलेला कुणीही, याला बदल करायची मुभा असते. आपण यादीत एका लिपिकाचं नाव वाढवतो आणि समजतो की आता फक्त त्यालाच दिसेल. दिसतं सगळ्यांना. त्यासाठी 'ॲडव्हान्स्ड' मध्ये जाऊन वारसा बंद करायचा, आलेल्या परवानग्या स्वतःच्या करून घ्यायच्या आणि मग नको असलेली नावं काढून टाकायची.

शाळेच्या ऑफिसात आम्ही साधारण अशी वाटणी करतो. जनरल रजिस्टर आणि दाखले: बदल फक्त लिपिक आणि हेडमास्तर, शिक्षकांना वाचन. निकाल आणि गुण: ज्या-त्या वर्गशिक्षकाला स्वतःच्या वर्गाच्या फोल्डरमध्ये बदल. पगार बिलं आणि सेवापुस्तकं: फक्त लिपिक आणि हेडमास्तर, इतरांना काहीच नाही. शिष्यवृत्तीचे कागद, म्हणजे मुलांचे आधार, बँक पासबुकं, उत्पन्नाचे दाखले: ज्याच्याकडे ते काम आहे तोच. परिपत्रकं आणि कोरे नमुने: सगळ्यांना वाचन. आमच्या गोष्टीतल्या त्या फाईलला शिक्षकांसाठी फक्त वाचनाची परवानगी असती, तर क्रमवारीची ती चूक फाईलमध्ये जतनच करता आली नसती, निदान त्यांच्या हातून तरी.

चावी जपून ठेवायची जागा

नेटवर्कची चौकट नाव-पासवर्ड मागते तेव्हा खाली 'लक्षात ठेवा' असा एक छोटा चौकोन असतो. त्यावर खूण केली की विंडोज ती जोडी 'क्रेडेन्शियल मॅनेजर' मध्ये ठेवतं. कंट्रोल पॅनेलमध्ये यूजर अकाउंट्स, तिथे क्रेडेन्शियल मॅनेजर, त्यात 'विंडोज क्रेडेन्शियल्स'. सामायिक फायलींच्या सगळ्या चाव्या तिथे रांगेने दिसतात. हवी ती बदलता येते, काढता येते, नवीनही टाकता येते.

या कपाटाबद्दल चार गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, ते प्रत्येक वापरकर्त्याचं वेगळं असतं. एकाच संगणकावर सकाळी एक आणि दुपारी दुसरा बसत असेल, आणि दोघांची खाती वेगळी असतील, तर एकाची चावी दुसऱ्याला मिळत नाही. खातं एकच असेल तर मात्र जो खुर्चीवर बसेल तो पहिल्याच्या नावाने आत जाईल. म्हणून जागा सोडताना विंडोजची कळ आणि एल दाबून पडदा बंद करण्याची सवय हवी. चहाला उठलो तरी.

दुसरी, चावी त्या पत्त्याशी बांधलेली असते. संगणकाच्या नावाने जोडलं तर नोंद नावाची होते आणि आयपी पत्त्याने जोडलं तर आकड्यांची. विंडोज दोन्हींना वेगवेगळी दारं समजतं. राउटरने उद्या त्या संगणकाला वेगळा आकडा दिला की जुनी चावी निरुपयोगी. एक तर नेहमी नावाने जोडावं, नाही तर राउटरमध्ये त्या संगणकाचा आकडा पक्का करून ठेवावा.

तिसरी, साठवलेला विंडोज पासवर्ड या यादीत वाचता येत नाही. 'सेव्ह केलाय, विसरलो तर बघू तिथून' हा भरवसा खोटा आहे. सगळ्या चाव्यांची एक संरक्षित प्रत काढून ठेवायची सोय तिथे आहे, नवीन संगणक घेताना ती उपयोगी पडते.

चौथी आणि सगळ्यात कमी माहीत असलेली. माणसाने स्वतःचा जुना पासवर्ड टाकून नवा ठेवला तर कपाट शाबूत राहतं. पण ॲडमिनिस्ट्रेटरने बाहेरून जबरदस्तीने पासवर्ड बदलला तर त्या खात्यात साठवलेल्या चाव्या गमावल्या जाऊ शकतात. विंडोज तशी सूचना देतंही, आपण न वाचता पुढे जातो आणि मग सोमवारी सकाळी एकही फोल्डर उघडत नाही.

नेहमीचे अडथळे

आमच्याकडे फोन येतो तो बहुतेक एकाच वाक्याने: "सर, पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही." कारणं मोजकीच असतात.

पिन टाकलेला असतो. विंडोजचा चार किंवा सहा आकडी पिन त्या एका संगणकापुरताच असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. तिथे पूर्ण पासवर्डच लागतो.

पासवर्डच ठेवलेला नसतो. पासवर्ड नसलेल्या खात्याने समोर बसून संगणक उघडता येतो, पण नेटवर्कवरून आत जाता येत नाही. विंडोजचा हा मूळचाच नियम आहे आणि तो चांगला आहे. तो बंद करण्याचे उपाय इंटरनेटवर सापडतात, त्यांच्या नादी लागू नये.

कीबोर्ड मराठी किंवा उर्दूवर असतो. हे आमच्या ऑफिसांचं खास दुखणं. आधी परिपत्रक मराठीत टाईप केलं, मग उर्दूत सूचना लिहिली आणि त्याच कीबोर्डवर पासवर्ड टाकला. पडद्यावर फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे अक्षरं कुठली उमटली ते कळत नाही. खालच्या पट्टीवर भाषा इंग्रजी आहे का आणि कॅप्स लॉक बंद आहे का, हे आधी पाहावं.

जुनी चावी अजून कपाटात असते. संगणक १ वर पासवर्ड बदलला, पण बाकीचे संगणक जुनाच पुढे करत राहतात. नव्या विंडोज ११ मध्ये १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं १० मिनिटांसाठी बंद होतं, त्यामुळे बरोबर पासवर्ड टाकला तरी दार उघडत नाही. आधी क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढायची, दहा मिनिटं थांबायचं, मग नवी टाकायची.

एकाच दाराला दोन नावं लागतात. विंडोज एका संगणकाशी एका वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडू देत नाही, तसा संदेश येतो, चूक क्रमांक १२१९. म्हणजे एखादं फोल्डर आधीच दुसऱ्या कुणाच्या नावाने उघडलेलं असतं. जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह तोडून, लॉग आऊट करून पुन्हा यायचं.

आणि शेवटचं कारण, पाहुण्यांची सोय बंद झालेली असते. पूर्वी बरीच ऑफिसं 'पासवर्डविना शेअरिंग' चालू ठेवायची. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो संगणक अशा बिनपासवर्डच्या दारात मुळातच जात नाहीत. 'आमचं नेटवर्क बिघडलं' म्हणून तंत्रज्ञाला बोलावलं जातं आणि काही तंत्रज्ञ ती सुरक्षाच बंद करून पैसे घेऊन जातात. बिघाड काहीच नसतो. त्या फोल्डरला खातं आणि पासवर्ड द्यायचा, एवढंच काम असतं.

पासवर्ड कसा असावा

दर महिन्याला पासवर्ड बदला, हा जुना उपदेश आता मागे पडला आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१७ च्या मार्गदर्शनात ठरावीक मुदतीने सक्तीचा बदल नको आणि लांबीवर भर द्या असंच सांगितलं. कारण माणूस दर महिन्याला नवा पासवर्ड शोधत नाही, जुन्याच्या शेवटचा १ काढून २ करतो.

एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. घरातली एखादी वस्तू, एखादं फळ, गावाकडचं एखादं झाड, एखादा रंग. लक्षात राहतो आणि अंदाजाने सापडत नाही. संस्थेचं नाव, यू-डायस क्रमांक, स्थापनेचं वर्ष, मुलाचं नाव हे नको. एकच पासवर्ड ईमेलला, शालार्थला आणि सामायिक फोल्डरलाही, असंही नको. बदल तेव्हाच करायचा जेव्हा तो फुटल्याचा संशय असेल, किंवा माणूस बदलला असेल.

एकाची चूक, सगळ्यांचं नुकसान

'आमच्याकडे चोरायला आहे काय?' असं विचारणाऱ्यांसाठी २०१७ सालच्या दोन घटना. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने फाईल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतलं, म्हणजे एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतलं, छिद्र वापरलं. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती लावली नव्हती ते अडकले.

लगेच पुढच्या महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून तो सुटला आणि आपल्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने बंद पाडलं. त्याची पद्धत आमच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. एका संगणकात शिरल्यावर तो तिथल्या स्मृतीतून लॉगिनची नावं आणि पासवर्ड उचलायचा आणि त्यांच्याच जोरावर शेजारच्या संगणकांत जायचा. त्यामुळे दुरुस्ती लावलेले संगणकही वाचले नाहीत. सगळ्या संगणकांना ॲडमिनिस्ट्रेटरचा एकच पासवर्ड असेल तर एक दार फुटलं की सगळी फुटतात, हा त्यातला धडा.

एसएमबीची पहिली आवृत्ती विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या संगणकांवर मुळात बसवलीच जात नाही. जुनं झेरॉक्स मशीन चालावं म्हणून ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला कुणी दिला तर आधी मशीनला पेनड्राइव्हवर किंवा ईमेलवर स्कॅन करता येतं का ते पाहा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. ज्या संगणकावर सगळ्यांच्या फायली आहेत, निदान तो तरी चालू आधाराच्या आवृत्तीवर हवा. त्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी आणि काम झाल्यावर ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी.

नोंद राहते का?

वेगवेगळी खाती केली की विंडोज आपोआप बऱ्याच नोंदी ठेवतं. 'इव्हेंट व्ह्यूअर' मध्ये सिक्युरिटीच्या यादीत ४६२४ क्रमांकाची नोंद म्हणजे यशस्वी लॉगिन, आणि त्यात प्रकार ३ असेल तर ते नेटवर्कवरून आलेलं. ४६२५ म्हणजे फसलेला प्रयत्न.

पण कोण आत आलं आणि कुणी कुठल्या फाईलला हात लावला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीसाठी विंडोजच्या प्रो आवृत्तीत स्थानिक सुरक्षा धोरणातून फायलींची तपासणी चालू करावी लागते आणि नंतर त्या फोल्डरच्या सिक्युरिटीमध्ये 'ऑडिटिंग' लावावं लागतं. मग ४६६३ क्रमांकाच्या नोंदींत खात्याचं नाव आणि फाईलचं नाव येतं. फक्त महत्त्वाच्या एक-दोन फोल्डरांना, आणि फक्त लिहिणं व पुसणं एवढ्यापुरतंच लावा. नाही तर नोंदींचा ढीग होतो, आणि यादीची जागा मर्यादित असल्याने नव्या नोंदी जुन्या पुसत जातात. हे आधीच लावून ठेवावं लागतं. घटना घडून गेल्यावर मागची नोंद कुठूनही मिळत नाही.

एक्सेलच्या माहितीत दिसणारं 'शेवटचा बदल कुणी केला' हे नाव पुरावा समजू नका. ते ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं नाव असतं, लॉगिनचं असेलच असं नाही. आमच्याकडे त्या पोरावर बोट उठलं त्यात याचाही हात होता. सॉफ्टवेअर त्याने बसवलं होतं, त्यामुळे प्रत्येक फाईलवर त्याचंच नाव यायचं.

माणूस जातो, चार्ज राहतो

सरकारी आणि अनुदानित कार्यालयांत चार्ज देण्या-घेण्याची जुनी चांगली रीत आहे. कपाटं किती, चाव्या किती, रजिस्टरं किती, याची यादी होते आणि दोघांच्या सह्या होतात. त्या यादीत लॉगिन मात्र क्वचितच असतात. लिपिक निवृत्त होतात, बदली होते, अल्लाह न करो कुणी अचानक जातं, आणि ऑफिस आठवडाभर बंद पडल्यासारखं होतं.

चार्जच्या यादीत पासवर्ड लिहायचे नाहीत, खाती लिहायची. कुठल्या संगणकावर कुणाची खाती आहेत, कुठल्या फोल्डरवर कुणाची परवानगी आहे, स्कॅनरचं खातं कुठलं, राउटरचा ताबा कुणाकडे. जाणाऱ्याचं खातं त्याच दिवशी 'निष्क्रिय' करायचं, लगेच पुसायचं नाही, म्हणजे जुन्या नोंदींतलं नाव ओळखता येतं. तो बसत होता त्या संगणकांवरच्या साठवलेल्या चाव्या काढायच्या. वायफायचा पासवर्डही बदलायचा.

ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड कागदावर लिहून बंद लिफाफ्यात ठेवायचा. लिफाफ्याच्या जोडावर हेडमास्तर आणि संस्थेचे सचिव यांच्या सह्या, तारीख, आणि लिफाफा तिजोरीत. उघडला तर का आणि कुणी उघडला याची नोंद करायची, आणि लगेच नवा पासवर्ड, नवा लिफाफा. भिंतीवर किंवा मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी आजच काढून टाका.

कायदा काय म्हणतो

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने किंवा अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. 'सरांनीच दिला होता' एवढ्याने सगळं निभावत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने लोकांची माहिती ठेवणाऱ्यावर वाजवी सुरक्षेची जबाबदारी टाकली आहे. त्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. शाळेकडे तर अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती असते. पैशांची सायबर फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा.

एका शनिवारी करायचं काम

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर तीन तास काढले तर हे सगळं होतं. या क्रमाने करा.

१. सामायिक फोल्डरची पूर्ण प्रत वेगळ्या डिस्कवर काढा.
२. फायलींच्या संगणकावर प्रत्येकाचं स्टँडर्ड खातं करा, स्कॅनरचं वेगळं.
३. प्रत्येकाने स्वतःचा पासवर्ड स्वतः टाकावा. दुसऱ्याने टाकून देऊ नये.
४. फोल्डरांचा वारसा बंद करून परवानग्या ठरवा.
५. बाकीच्या संगणकांवर जुन्या चाव्या काढा, नव्या नावाने जोडा.
६. 'ऑफिस' हे खातं निष्क्रिय करा.
७. महत्त्वाच्या फोल्डरला ऑडिटिंग लावा.
८. खात्यांची यादी चार्ज फाईलला, ॲडमिनिस्ट्रेटरचा लिफाफा तिजोरीत.

पहिला आठवडा कुरकूर होईल. "आमच्यावर भरवसा नाही का?" असंही कुणी विचारेल, आम्हालाही विचारलं गेलं. आम्ही म्हटलं, भरवसा आहे म्हणूनच प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र चावी देतोय. लोकांच्या मुलांच्या जन्मतारखा, त्यांचे दाखले, त्यांचे आधार ही आपल्याकडची अमानत आहे. आणि उद्या काही बिघडलं तर आपल्यातल्या कुणा गरिबाला "सर, मी हात लावलेला नाही" असं हात जोडून सांगत फिरावं लागू नये.